मी पायाळू म्हणून सासूबाई मला गाडीत बसवतात, अन् मुलाला चिंचेखाली

पत्र थोडक्यात असं आहे. ताई नागपुरात राहतात, वय 34, नोकरी करतात. सासरचं वावर काटोल रोडला, कळमेश्वरच्या पुढे, संत्र्याची बाग आणि थोडा कापूस-सोयाबीन. सुटीच्या दिवशी सगळं घर तिकडेच असतं. ताई जन्मताना पायाकडून आल्या, म्हणजे पायाळू, आणि ही गोष्ट लग्नानंतर कधीतरी त्यांच्या आईच्या तोंडून सासूबाईंना कळली. पायाळू माणसावर वीज पडते अशी समजूत आहे, म्हणून तेव्हापासून आभाळ भरून आलं की सासूबाई त्यांना सगळ्यांतून वेगळं काढतात. या मे महिन्यात एका रविवारी दुपारी ढग आले, गडगडायला लागलं, तर सगळ्यांसमोर म्हणाल्या, "तू जाय बाई गाडीत बस, पोराले राहू दे इथंच आमच्यापाशी." मग ताई एकट्या गाडीत, काचा लावून, आणि सासू-सासरे, नवरा, आठ वर्षांचा मुलगा, सालदार (वर्षाच्या बोलीवरचा गडी) आणि कामाला आलेल्या चार बाया असे सगळे धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, मोठ्या चिंचेखाली. पाऊण तास. नवरा म्हणतो आई जुन्या वळणाची आहे, मनावर नको घेऊ. ताईंना जास्त राग याचा की याच सासूबाई कमरेत चमक भरली की हिलाच बोलावून पायाळूचा पाय पाठीला लावून घेतात. प्रश्न तीन आहेत: यात खरंच काही असतं का, वावरात जाणं बंद करू का, आणि हा अपमान कुठवर सहन करायचा.

ताई,

राग येणारच, त्याबद्दल खाली लिहितेच. पण तुमचं पत्र वाचताना मी दुसऱ्याच ओळीवर अडकले. मुलगा चिंचेखाली होता हे तुम्ही जाता जाता लिहिलंय, कोण कोण होतं त्या यादीत. अख्ख्या पत्रात घाबरण्यासारखी गोष्ट तेवढीच आहे हो. तुम्हाला वेगळं बसवलं म्हणून तुम्हाला वाटतंय की धोका तुम्हाला आहे, आणि त्या पाऊण तासात त्या वावरात सगळ्यात सुरक्षित माणूस तुम्हीच होतात. बाकीचे नऊ जण त्या वावरातल्या सगळ्यात वाईट जागी उभे होते.

आधी गाडीचं सांगते. चारही बाजूंनी बंद, वर पत्र्याचं छत असलेल्या गाडीवर वीज पडली तर करंट बाहेरच्या पत्र्यावरून जातो आणि खाली जमिनीत उतरतो, आत बसलेल्यांना सहसा काही होत नाही. लोकांना वाटतं टायर रबराचे म्हणून, पण तसं नाही, श्रेय त्या पत्र्याच्या डब्याचं आहे. जी वीज ढगापासून जमिनीपर्यंत काही किलोमीटर हवा फोडून आली तिला चार बोटं रबर काय अडवणार. म्हणून रबरी चप्पल, गमबूट, मोटरसायकलचे टायर यांच्या भरवशावर राहू नका, आणि बाइक, ऑटो, बिनाकॅबिनचं ट्रॅक्टर, बंडी यांनाही गाडीत धरू नका. गाडीत बसल्यावर काचा वर, हात मांडीवर, दाराचं हँडल, स्टेअरिंग, गियर याला हात नको, चार्जिंगला लावलेला फोन कानाला नको. आणि एक, गाडी कुठे उभी असते तुमची? उन्हाळ्यात सगळेच सावली बघून झाडाखाली लावतात. ढग दिसले की ती काढून मोकळ्यात लावा, झाड किंवा मोठी फांदी टपावर पडली तर पत्रा माणसाला वाचवेलच असं नाही.

आता चिंच. पाऊस आला की झाडाखाली जायचं हे आपल्या अंगात इतकं भिनलंय की कोणी विचारच करत नाही, आणि माझ्या मते पायाळूच्या समजुतीपेक्षा ही सवय कितीतरी जास्त जीवघेणी आहे. धुऱ्यावर एकटं उभं असलेलं उंच झाड म्हणजे आजूबाजूच्या दोन-चार एकरांत विजेला सगळ्यात जवळची जागा. झाडावर वीज पडली की ती खोडातून खाली येते, पण माणसाचं शरीर ओल्या खोडापेक्षा चांगला वाहक, त्यामुळे खाली येता येता ती बाजूच्या माणसावर उडी मारते. त्यातून सुटलात तरी करंट मुळांपाशी जमिनीत शिरतो आणि तळ्यात दगड टाकल्यावर लाटा पसरतात तसा चहूकडे पसरतो. तुमचा एक पाय झाडाजवळ आणि दुसरा दीड फूट लांब, तर दोन पायांमध्ये व्होल्टेजचा फरक पडतो आणि करंट एका पायातून वर चढून दुसऱ्यातून खाली उतरतो. वीज अंगावर पडलीच नाही तरी माणूस जातो तो असा. ढोरांचे पुढचे आणि मागचे पाय लांब लांब, मध्ये हृदय, म्हणून एकाच झाडाखाली पाच-सहा गाई-बकऱ्या एकदम मेल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो. नऊ माणसं एका झाडाखाली खेटून उभी असतील तर तिथे काय होऊ शकतं ते मी लिहीत नाही, तुम्ही नवऱ्याला एवढा पॅरा वाचून दाखवा.

पायाळूचं म्हणाल तर, नाही ताई, यात काही नसतं. वीज ढगातून निघते तेव्हा कुठे पडायचं हे तिचं ठरलेलंच नसतं. साधारण 50-50 मीटरच्या टप्प्यांनी, वेडीवाकडी, फाटे फोडत ती खाली येते, आणि जमीन शंभरेक मीटरवर राहिली की खालच्या उंच वस्तूंमधून, झाड असेल, विजेचा खांब असेल, मोबाइलचा टॉवर असेल, नाहीतर मोकळ्या वावरात उभा माणूस असेल, त्यातून बारीक ठिणग्या वर उठतात. ज्याची ठिणगी आधी भिडली तिथे वीज पडते. सगळा हिशोब उंचीचा, टोकाचा आणि आजूबाजूला किती मोकळं आहे याचा. जन्माच्या वेळी डोकं आधी आलं की पाय, हे विचारायची तिच्याकडे सोय नाही.

मग एवढ्या पिढ्या हे टिकलं कसं? मला वाटतं असं होतं की गावात कोणावर वीज पडली की लोक पहिलं विचारतात, पायाळू होता का. होता म्हणाले की ती गोष्ट दहा गावं फिरते, आणि नव्हता म्हणाले की कोणी पुढे काही बोलतच नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांत 2022 साली देशात वीज पडून 2,887 माणसं गेली, आणि पूर्ण दिवसांच्या शंभर बाळांमध्ये पायाकडून किंवा ढुंगणाकडून खाली असलेली तीन-चारच असतात. म्हणजे तुमच्या वावराच्या आसपासच्या गावांतसुद्धा बरेच पायाळू म्हातारे होऊन खाटेवर आरामात बसलेले सापडतील. त्यांची गोष्ट कोण सांगणार. अंगणात विळा नाहीतर पहार फेकली की वीज दूर जाते हेही तसंच. लोखंड विजेला ओढतही नाही आणि हाकलतही नाही, फक्त ते फेकायला माणूस गडगडाटात अंगणात जातो तेवढं वाईट. हां, खांद्यावर उभं धरलेलं फावडं किंवा छत्री तुमची उंची वाढवते, आणि तारेचं कुंपण लांबवर पडलेली वीज तुमच्यापर्यंत आणून सोडू शकतं, म्हणून त्यांच्यापासून लांब, एवढंच.

सासूबाईंच्या बाजूने एक गोष्ट मात्र बोलते. त्या आभाळाकडे बघतात. पहिल्या गडगडाटाला त्यांना भीती वाटली आणि त्यांनी कोणालातरी हलवलं. बहुतेक वावरांत एवढंही होत नाही, लोक थेंब पडायला लागले की हलतात, म्हणजे आपण पावसापासून पळतो, विजेपासून नाही. आणि वीज तर पाऊस सुरू व्हायच्या आधीही पडते, पाऊस थांबल्यावरही पडते, ढगापासून दहा-पंधरा किलोमीटर लांब, डोक्यावर निळं आभाळ असतानाही पडू शकते. बाईंची भीती खरी आहे, फक्त चुकीच्या माणसावर जाऊन बसलीय.

वावरात जाणं बंद करू का, असं विचारलंत. तुमच्या जागी कोणालाही ते सुचेल. पण तुम्ही जाणं सोडलंत तर मुलगा जाणं सोडणार आहे का? आजी-आजोबा, आंबे, विहीर, तो तर उडी मारून जाईल, आणि मग ढग आले की चिंचेखाली नऊ माणसं असतील, आणि गाडीकडे चला म्हणणारं कोणीच नसेल. माझं ऐकाल तर उलट जा.

दुसरा रस्ता म्हणजे सासूबाईंशी पायाळूवर वाद घालणं. घाला, पण एखाद्या निवांत दिवशी घरी, ढग असताना नाही, आणि जिंकायच्या अपेक्षेने तर नाहीच, कारण सत्तरीच्या बाईला आपली आजी खोटं बोलत होती हे पटवणं सोपं नसतं. तिसरा रस्ता मला जास्त कामाचा वाटतो. पुढच्या वेळी त्या "तू जाय गाडीत" म्हणाल्या की मुलाचा हात धरा आणि म्हणा, "आई, गाडीत मी तर बसतेच, पण तुम्हीही चला, गाडीत असल्यावर कोणालाच काही होत नाही, झाडाखाली थांबू नका." काही वाचक मला म्हणतील की हे अंधश्रद्धेला खतपाणी घालणं झालं. मला नाही वाटत. समजूत मोडायला दहा वर्षं लागतील, पोराला झाडाखालून काढायला दहा सेकंद, आधी ते करू. आणि मुलाच्या बाबतीत विचारायचं नाही, सांगायचं. तो तुमच्यासोबत गाडीत बसेल, हा निर्णय आई-बापाचा, यावर मत घ्यायचं कारणच नाही.

अपमानाचं बोलायचं तर ते सासूबाईंपेक्षा नवऱ्याशी बोला. मनावर नको घेऊ हे वाक्य फार स्वस्तात पडतं त्यांना. सालदारासमोर, मजुरीला आलेल्या बायांसमोर बायकोला वेगळं काढलं जातं आणि आपण चिंचेखाली उभं राहून बघतो, हे त्यांना शब्दांत ऐकू द्या एकदा. तुमच्या पाठीशी उभं राहायचं म्हणजे आईशी भांडायचं असं काही नाही, त्यांनी स्वतः मोठ्याने "चला सगळे, झाडाखालून निघा" एवढं म्हटलं तरी अर्धा प्रश्न मिटतो, कारण मग गाडी ही पायाळूला बसवायची जागा राहत नाही, सगळ्यांची होते. पाठीला पाय लावायचा की नाही ते तुमचं तुम्ही बघा, मला विचाराल तर मी आयोडेक्स देऊन मोकळी होईन.

आता गणित. गाडीत पाच, फार तर सहा माणसं, वावरात दहा. सालदार आणि चार बाया कुठे जातील? हे ढग आल्यावर नाही, सकाळी चहा पिताना ठरवायचं. जवळपास कोणाचं भिंतींचं, स्लॅबचं पक्कं घर आहे का, तिथवर चालत किती वेळ लागतो, दहा मिनिटं लागत असतील तर लांबून पहिला गडगडाट ऐकू आला की त्यांना निघायला सांगायचं. चार खांबांवरचं टिनाचं शेड, ढोरांचा उघडा कोठा, मचाण, ही आसरा घ्यायची ठिकाणं नाहीत, पावसापासून असतील, विजेपासून नाहीत. मोटरपंपाची छोटी खोली असेल तर ती झाडापेक्षा बरी म्हणू शकू, पण तिच्यात स्टार्टर आणि पाइप असतात, भिंतीला टेकून उभं राहण्यासारखी ती नाही. आणि हे लिहायलाच पाहिजे, ढगासाठी काम थांबवलं तर त्या तासाभराची रोजी कापू नका. कापली तर कोणती बाई थांबेल? डोक्यावर कडाडत असताना निंदणाला वाकलेल्या बायांच्या बातम्या येतात त्यामागे हौस नसते.

कधी हलायचं याचा सोपा हिशोब: चमकलं की सेकंद मोजा, आवाज येईपर्यंत. तीन सेकंदाला एक किलोमीटर. तीसच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, म्हणजे तुम्ही टप्प्यात आहात. मोजायचा कंटाळा असेल तर मोजूच नका, गडगडाट ऐकू आला म्हणजे निघायची वेळ झाली असं धरा. आणि शेवटचा गडगडाट ऐकल्यापासून अर्धा तास बाहेर पडायचं नाही, त्यात परत गडगडलं तर अर्धा तास पुन्हा पहिल्यापासून. हा अर्धा तास लोकांना जड जातो, पाऊस थांबला की लगेच बाहेर पडतात. फोनमध्ये दामिनी ॲप टाकून घ्या, पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने केलंय, मराठीतही आहे, तुमच्या 20 आणि 40 किलोमीटरच्या परिघात वीज पडत असेल तर सांगतं. नागपुरातल्या सोनेगावच्या हवामान केंद्राचे तीन-तीन तासांचे इशारेही येतात, सकाळी निघताना बघत जा. हो, आणि फोन बंद करायची गरज नाही. मोबाइल वीज ओढतो हे खोटं आहे, उलट तेव्हाच तो लागतो.

समजा गाडीही नाही, घरही नाही, वावराच्या मधोमध सापडलात. मग झाड, खांब, कुंपण, विहिरीचा काठ यांपासून लांब, जरा खोलगट जागा बघून, एकमेकांपासून पंधरा-वीस पावलं अंतर ठेवून उकिडवं बसायचं, दोन्ही पाय जुळवलेले, डोकं खाली, कान झाकलेले. आडवं पडायचं नाही, जमिनीतला करंट पूर्ण अंगातून जाईल. पण याने माणूस सुरक्षित होतो असं कोणी सांगितलं तर मानू नका, दुसरं काहीच हातात नाही तेव्हाचं हे आहे. लांब दिसणाऱ्या पक्क्या घरापर्यंत पोचता येत असेल तर तिकडे पळणं चांगलं.

नागपुरात घरी असणाऱ्यांसाठीही थोडं, कारण मे-जूनच्या संध्याकाळी आधी धूळ उडते आणि मग पहिलं काय आठवतं तर गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडया आणि पापड. जाऊ द्या त्या भिजल्या तर. गच्चीवरची पाण्याची टाकी, डिश, लोखंडी जिना आणि तिथे हात वर करून चादर ओढणारे आपण, यापेक्षा कुरडया परत करू. दुसरी गोष्ट कूलर. खिडकीत अर्धा बाहेर लटकलेला पत्र्याचा कूलर, त्यात पाणी, त्यात मोटर, त्यात बोअरचा पाइप, कडाडत असताना त्यात पाणी भरायला कोणी जाऊ नये. त्या वेळात अंघोळ, भांडी, कपडे धुणंही थांबवा, नळाच्या पाइपातून करंट येऊ शकतो. टीव्ही, फ्रिज, राउटरचे प्लग ढग जमताना काढून ठेवा, वर कडाडायला लागल्यावर प्लगला हात घालू नका, मग टीव्ही गेला तर गेला. फुटाळा, अंबाझरी तलावावर हवा खायला आलेल्यांनी ढग सुंदर दिसतात म्हणून काठावर रील काढत थांबू नये, पाण्याच्या कडेला सगळ्यात उंच तेच असतात. रस्त्यात बाइकवर असाल तर झाडाखाली नाही, एखाद्या पक्क्या दुकानात शिरा.

तुमच्या मिस्टरांनी वावरात वीजरोधक बसवायचं काढलंय असं तुम्ही शेवटी लिहिलंय. पक्कं घर बांधलं असेल तर जरूर बसवा, नीट अर्थिंगसह, जाणकार इलेक्ट्रिशियनकडून, कारण अर्थिंग खराब असेल तर वरची सळई असून नसल्यासारखी. पण ती सळई ते घर वाचवते, बाग नाही. एका खांबावर अख्ख्या दहा एकरांची गॅरंटी देणारा विक्रेता आला तर त्याला चहा द्या आणि पाठवा.

एवढं करूनही कोणावर वीज पडलीच तर एक गोष्ट वावरातल्या प्रत्येकाला माहीत हवी. त्या माणसाला हात लावला तर शॉक बसत नाही, करंट त्याच्या अंगात राहत नाही. लोक भीतीने दूर उभे राहतात, शेणात पुरून ठेवतात, आणि जी पहिली काही मिनिटं हातात असतात ती जातात. श्वास चालू नसेल, हालचाल नसेल तर एकाने 108 लावायचा आणि दुसऱ्याने छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरात दाबायला सुरुवात करायची, पाच-सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला 100 ते 120 वेळा, मदत येईपर्यंत. एकाच वेळी तीन-चार जण पडले असतील तर जो कण्हतोय तो सहसा वाचतो, जो निपचित पडलाय त्याच्याकडे आधी जा. वीज पडून थांबलेलं हृदय वेळेत दाबलं तर परत चालू होऊ शकतं. मात्र वर अजून कडाडत असेल तर आधी त्याला आणि स्वतःला झाडाखालून बाजूला घ्या.

आणि गाडीची दुसरी चावी करून घ्या. पत्रावरून वाटतंय की चावी मिस्टरांच्या खिशात असते आणि मिस्टर अर्धा वेळ बागेच्या पार त्या टोकाला पाणी बघायला गेलेले असतात. एक चावी तुमच्याकडे, आणि एक सालदाराच्या बायकोकडे.